खिचडी का शिजली नाही?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

शाळेच्या कोठीत तांदळाची पोती आहेत. तूरडाळ आहे. तेल, मीठ, हळद, तिखट सगळं आहे. गॅसचं सिलिंडर भरलेलं आहे. खिचडी करणाऱ्या मावशी वेळेवर आल्या आहेत. पैठणच्या नाथसागरात पाणीही आहे. आणि तरीसुद्धा त्या दिवशी ११८ मुलांच्या ताटल्या रिकाम्या राहतात. असं का झालं असेल?

हे कोडं मी कुठल्या पुस्तकातून काढलेलं नाही. ते आमच्याच शाळेत घडलं, आणि त्यातली निम्मी चूक माझी होती. म्हणून तर इतकं नीट लक्षात आहे!

गोष्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची. एप्रिल महिना, सकाळची शाळा. आमचं पुंडलिकनगर म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातली दाट वस्ती. तेव्हा आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसे. पाण्याचा दिवस ठरलेला असायचा. त्या दिवशी घराघरांत बादल्या, घागरी, पिंपं, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची धांदल उडे. शाळेच्या टाकीचंही तेच.

त्या आठवड्यात रविवारी रात्री पाणी येणार होतं. टाकीच्या तळाला गाळ साचला होता. मी म्हटलं, "उद्या नवीन पाणी येणारच आहे, आजच टाकी धुऊन घेऊ." शनिवारी शाळा सुटल्यावर उरलेलं पाणी झाडांना घातलं, टाकी घासून लख्ख केली, आणि मी मोठ्या समाधानाने घरी गेले.

रविवारी संध्याकाळी वादळ झालं. वीज गेली. पाणी उपसणारे पंप थांबले. सोमवारी सकाळी मावशींनी नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसली. "मॅडम, टाकीत ठणठणाट आहे," त्या म्हणाल्या.

मी घाबरले नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर टँकरवाल्यांचा फोन नंबर लिहिलेला होता. 'नळ नाही तर टँकर. आपल्याकडे दुसरी वाट आहे,' असं मनाशी म्हणत मी फोन लावला. टँकरवाले दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या नळाला ज्या टाकीतून पाणी येतं, त्याच टाकीवर मी टँकर भरतो. ती टाकीच भरली नाही. मी पाणी आणू कुठून?"

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं.

आम्ही शिक्षकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे आणले. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन बिस्किटं आली. तिसरीतली एक मुलगी नेहमीप्रमाणे ताटली घेऊन रांगेत उभी राहिली होती. तिची आई सहाला कामावर जाते ती दुपारी तीनला परत येते, हे मला माहीत होतं. "मॅडम, आज खिचडी नाही?" तिने विचारलं. मी "नाही गं" म्हटलं. तिने काही तक्रार केली नाही. ताटली दप्तरात घातली, बिस्किटं खाल्ली, आणि घरी गेली. तिने रडून गोंधळ घातला असता तर मला बरं वाटलं असतं!

फळ्यावरची साखळी

मंगळवारी मी गणिताचा तास बाजूला ठेवला आणि फळ्यावर एक ताट काढलं. विचारलं, "या ताटापर्यंत खिचडी कशी कशी येते?"

हात वर झाले. तांदूळ शेतातून येतो. मग गिरणी, मग सरकारी गोदाम, मग ट्रक, मग शाळेची कोठी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, म्हणजे ११८ मुलांना किती? "अकरा किलो आठशे ग्रॅम!" चला, गणितही झालं. डाळीची वेगळी रांग, तेलाची वेगळी, सिलिंडरची वेगळी. अशा सगळ्या रांगा येऊन एका पातेल्यात मिळतात. एखादी वस्तू जिथे तयार होते तिथून आपल्या हातात येईपर्यंतच्या या सगळ्या टप्प्यांना पुरवठा साखळी म्हणतात. साखळी कशाची? एकात एक अडकवलेल्या कड्यांची. सगळ्या कड्या दणकट असल्या आणि एकच तुटली, तरी साखळी तुटलीच.

मग आम्ही पाण्याची साखळी काढली. तुम्हीही सोबत काढा.

पहिली कडी, पैठणजवळचं जायकवाडी धरण आणि त्याचा जलाशय नाथसागर. या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केलं. केवढं मोठं! बांध सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७, आणि पाणी मावतं सुमारे १०२ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.

दुसरी कडी पंप. आपलं शहर पैठणपेक्षा शंभर मीटरहून जास्त उंचावर आहे. पाणी आपणहून चढ चढत नाही, त्याला ढकलावं लागतं, आणि ढकलायला वीज लागते. तिसरी कडी फारोळ्याचं जलशुद्धीकरण केंद्र. चौथी नक्षत्रवाडी. तिथे पाणी उंचावर साठवतात आणि शहराकडे सोडतात. पाचवी कडी आपल्या भागातला जलकुंभ, सहावी गल्लीतली जलवाहिनी, सातवी शाळेची टाकी, आणि आठवी मावशींचं पातेलं.

"आता टँकरची वाट काढा," मी म्हटलं. चौथीतला एक मुलगा पुढे आला. त्याने जलकुंभापासून शाळेपर्यंत रंगीत खडूने दुसरी रेघ ओढली. ओढता ओढता थांबला आणि म्हणाला, "मॅडम, पण ही पण त्याच टाकीतून निघते!"

शाब्बास! मला फोनवर जे ऐकून घ्यावं लागलं, ते त्याने खडूने शोधून काढलं. गल्लीतला नळ फुटला असता तर टँकर नक्की कामाला आला असता. पण जलकुंभच रिकामा राहिला तर नळ आणि टँकर दोन्ही एकाच वेळी बंद. माझ्या दोन वाटा शेवटच्या टप्प्यात वेगळ्या होत्या, मागे मात्र एकच होती.

जपानमधली हीच चूक

अशी चूक फक्त पुंडलिकनगरच्या बाईच करतात असं समजू नका हं. जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांनीही ती केली आहे.

आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आई-बाबा वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत जातात. त्यांना विचारा, ते सांगतील: एखादा छोटा भाग आला नाही तर अख्खी लाइन थांबते. एका मोटारगाडीत लहानमोठे मिळून सुमारे तीस हजार भाग असतात. ते सगळे गोदामात भरून ठेवायचे तर जागा आणि पैसा फार अडकतो. म्हणून जपानच्या टोयोटा कंपनीने 'लागेल तेव्हा, लागेल तेवढंच' मागवायची पद्धत बसवली. ती पुढे जगभर पसरली.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य भागात महाभयंकर भूकंप झाला आणि त्सुनामी आली. हजारो माणसं गेली. कारखानेही बंद पडले. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी हिशेब केला होता: एक पुरवठादार बंद पडला तर दुसरा आहे. पण त्या दोघांच्याही मालात एक चिमुकली इलेक्ट्रॉनिक चिप बसायची, आणि अशा अनेक चिप रेनेसास कंपनीच्या नाका नावाच्या एकाच कारखान्यातून यायच्या! नाकाचं मोठं नुकसान झालं होतं. म्हणजे पहिला पुरवठादार अडला आणि दुसराही अडला. अगदी आमच्या नळ-टँकरसारखंच की नाही?

मग काय झालं? नाका उभं करायला इतर कंपन्यांनी, त्याच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा माणसं पाठवली. दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसं तिथे दुरुस्तीला लागली होती. जूनमध्ये तिथे पुन्हा उत्पादन सुरू झालं. टोयोटाने त्यानंतर आपल्या पुरवठादारांचे पुरवठादार कोण, आणि त्यांचे कोण, याची मोठी यादी केली. काही चिपचा काही महिने पुरेल इतका साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितलं. पुढे २०२१ मध्ये जगभर चिपची टंचाई झाली. इतर कंपन्या लवकर अडल्या, टोयोटा उशिरा अडली. अडली मात्र तीही! यातून लक्षात काय ठेवायचं? साठा असला म्हणून संकट टळत नाही. साठ्यामुळे विचार करायला आणि वाट शोधायला वेळ मिळतो.

लातूरची पाण्याची गाडी

खरोखरची दुसरी वाट कशी असते, ते आपल्याच मराठवाड्यात पाहायला मिळालं.

२०१६ चा उन्हाळा. पावसाने सलग दगा दिलेला. लातूर शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये लातुरात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. आसपासच्या विहिरी, बोअर, सगळ्यांचा आधार त्याच आटलेल्या जमिनीचा. तिथून आणखी टँकर भरणार तरी किती?

मग ठरलं की पाणी वेगळ्याच नदीचं आणायचं. कृष्णेचं! मिरजेहून लातूरला, सुमारे ३४० किलोमीटरवर, रेल्वेने. त्यासाठी टाक्यांचे डबे राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन स्वच्छ केले. ११ एप्रिल २०१६ रोजी दहा डब्यांत सुमारे पाच लाख लीटर पाणी घेऊन गाडी मिरजेहून निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला सुमारे २५ लाख लीटर. ऑगस्टपर्यंत या गाड्या धावत होत्या.

आता जरा गणित करू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. पाच लाख लीटर सगळ्यांत वाटलं तर माणशी किती? जेमतेम सव्वा लीटर! २५ लाख लीटर आलं तरी साडेसहा लीटर. तेवढ्यात अंघोळसुद्धा होत नाही. म्हणजे दुसरी वाट पहिलीइतकी मोठी नसते, महागही पडते. पण प्यायला आणि शिजवायला पाणी मिळालं की माणूस तग धरतो.

आणखी एक गंमत सांगते. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा रेल्वेमार्ग पूर्वी 'बार्शी लाइट'चा अरुंद, छोटा मार्ग होता. तो रुंद करण्याचं काम २०१६ च्या काही वर्षं आधीच पूर्ण झालं होतं. ते झालं नसतं तर कोट्याहून आलेले मोठे डबे त्या रुळांवर चढलेच नसते! रूळ टाकणाऱ्यांच्या डोक्यात पाण्याची गाडी होती असं नाही. पण चांगली जोडलेली वाट तयार असली की ती अडीअडचणीला अशी उपयोगी पडते.

आपल्या शहराचा जुना इतिहासही हेच सांगतो. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवलं, तेच आजचं आपलं शहर. त्याने उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. पाणी उंचावरून उताराने येई, त्याला पंप नको आणि वीज तर नकोच. पुढे पाणचक्कीची नहर, थत्ते नहर अशा आणखी नहरी झाल्या. एक बिघडली म्हणून सगळ्या बंद पडत नसत. आजच्या लाखो लोकांना ते पाणी पुरणार नाही, हे खरं. पण वाटा अनेक असाव्यात आणि त्या एकाच खुंट्याला बांधलेल्या नसाव्यात, ही अक्कल मात्र चारशे वर्षांपूर्वीची!

नंदुरबारने आधीच ओळखलं

लातूरला संकट आल्यावर धावपळ झाली. येण्याआधीच तयारी करणाऱ्यांची गोष्टही ऐका.

२०२० मध्ये करोनाची पहिली लाट आली तेव्हा तुमच्यातले काही जण अगदी लहान असतील. आजारी माणसांना श्वासासाठी ऑक्सिजन लागायचा. तो मोठ्या कारखान्यांत बनतो, टँकरने दूरवर जातो. नंदुरबार हा सातपुड्यातला आदिवासी जिल्हा, कारखान्यांपासून लांब. म्हणजे साखळी लांबलचक, आणि आपला नंबर शेवटचा. जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारुड. पहिली लाट ओसरू लागली, बऱ्याच ठिकाणी लोक "संपलं एकदाचं" म्हणून निर्धास्त झाले, पण नंदुरबारने सप्टेंबर २०२० मध्ये आपला पहिला ऑक्सिजन प्रकल्प बसवला आणि २०२१ च्या सुरुवातीला आणखी बसवले.

तिथे ऑक्सिजन कशातून बनवायचे? चक्क हवेतून! हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हवा दाबून झिओलाइट नावाच्या दाणेदार पदार्थातून नेली की तो नायट्रोजन धरून ठेवतो आणि बराचसा शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. कच्चा माल रुग्णालयाच्या दारातच!

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून थेट विशाखापट्टणमला पाठवावे लागले. ते भरून महाराष्ट्रात परत यायला चार-पाच दिवस गेले. श्वासाला चार दिवस थांबता येतं का, सांगा बरं? नंदुरबारला त्या वेळी स्वतःच्या यंत्रांचा आधार होता.

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा तोच चौथीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, पण त्या मशीनला लाइट लागत असेल ना?" लागतेच! म्हणून अशा यंत्राजवळ जनरेटर आणि भरलेले राखीव सिलिंडरही ठेवावे लागतात. पोरगा आता प्रत्येक वाटेच्या मागे जाऊन बघायला शिकला होता.

आमचे तीन प्रश्न

या सगळ्यावरून आम्ही तीन प्रश्न काढले आणि जाड कागदावर लिहून वर्गात लावले.

१. आपल्या साखळीत एकच कडी आहे अशी जागा कुठे आहे?
२. ती तुटली तर आपण किती वेळ तग धरू शकतो?
३. आपली दुसरी वाट खरंच दुसरी आहे का? आणि त्या वाटेने आपण एकदा तरी जाऊन पाहिलं आहे का?

मग कामाला लागलो. आधी मोजमाप. डाळ-तांदूळ धुणं, शिजवणं, पिणं, हात धुणं, भांडी घासणं, सगळं मिळून आमच्या शाळेला एका दिवसाला साधारण ३८० लीटर पाणी लागतं असं निघालं. म्हणून दोनशे लीटरची झाकणाची दोन पिंपं घेतली. पण साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायलाच हवीत. मग? दोन्ही एकाच दिवशी रिकामी करायची नाहीत! एक भरलेलं असेल तेव्हाच दुसरं घासायचं. आणि नवीन पाणी हातात आल्याशिवाय मोठी टाकी रिती करायची नाही. हा नियम मी स्वतःसाठी लिहिला, हे तुम्ही ओळखलं असेलच.

दुसऱ्या वाटेसाठी शेजारच्या घरचं बोअर सुचलं. लगेच दोन-तीन जण ओरडले, "मॅडम, लाइट गेल्यावर मोटर कशी चालणार?" शोधता शोधता दोन गल्ल्या पलीकडे एक चालू हातपंप सापडला. त्याचं पाणी जरा मचूळ. ते पिण्यासाठी वापरायचं नाही, भांडी आणि फरशीसाठी वापरायचं, म्हणजे पिंपांतलं चांगलं पाणी स्वयंपाकाला आणि पिण्याला उरेल. शिवाय ज्याला पाणी लागतच नाही असा खाऊ डब्यात ठेवला: फुटाणे आणि गूळ.

मग एका गुरुवारी आम्ही लुटुपुटुचं संकट आणलं. मुख्य नळ बंद केला आणि म्हटलं, "चला, पाणी आलेलं नाही!" आणि काय सांगू, एकेक फजिती बाहेर आली. हातपंपाकडे जायला रस्ता ओलांडावा लागतो, लहान मुलांना पाठवता येणार नाही. बादल्या होत्या, पण त्यांतल्या दोन गळक्या निघाल्या. फुटाण्यांच्या डब्यात किडे झाले होते. कागदावर आमची योजना शंभरपैकी शंभर गुणांची होती, प्रत्यक्षात जेमतेम पास झाली! पण या फजित्या संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळल्या, हे किती बरं झालं. पाणी आणायचं काम मोठ्यांकडे दिलं, बादल्या बदलल्या, फुटाणे महिन्याच्या महिन्याला खाऊन नवे भरायचं ठरलं. जुना खाऊ संपवायचं काम वर्गाने आनंदाने पत्करलं, हे सांगायला नकोच.

त्याच वर्षी पावसाळ्यात जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी सलग दोन दिवस पाणी बंद राहिलं. पहिल्या दिवशी पिंपांवर भागलं. दुसऱ्या दिवशी हातपंपाचं पाणी भांड्यांना वापरलं आणि उरलंसुरलं चांगलं पाणी पातेल्यात गेलं. खिचडी तासभर उशिरा झाली, जरा घट्टही झाली. पण झाली.

आई-बाबांसाठी दोन शब्द

साठा आणि साठेबाजी यांत फरक आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या बातमीने अनेक घरांनी महिनोन्‌महिन्यांचं सामान एका दिवसात उचललं. दुकानं रिकामी झाली आणि रोज कमावून रोज विकत घेणाऱ्यांचे हाल झाले. एकाच दिवशी सगळे धावले की चांगली साखळीसुद्धा तुटते. म्हणून साठा थोडा, सवडीने आणि फिरता ठेवावा. दर महिन्याला थोडं जास्त आणावं आणि जुनं आधी वापरावं. आणि जमल्यास दोन घरांनी मिळून विचार करावा. ज्यांच्याकडे पाणी साठवायला जागाच नाही, अशी घरं आपल्या गल्लीत असतात. त्यांच्यासाठी एक घागर बाजूला ठेवणं हीसुद्धा पूर्वतयारीच.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. घरात रोज लागणारी एकच वस्तू निवडा. दूध घ्या, आजोबांची रक्तदाबाची गोळी घ्या, नाहीतर गॅसचं सिलिंडर घ्या. ती कुठून कुठून येते ते घरच्यांना आणि दुकानदारकाकांना विचारून साखळी काढा. मग वरचे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाशी घाई करू नका. दुसरी वाट बोटाने मागे मागे नेत जा आणि ती पहिलीला कुठे मिळते का ते बघा. 'तहान लागल्यावर विहीर खोदणे' ही म्हण तुम्हाला पाठ असेल. मी त्यात आणखी एक जोडते: विहीर आधी खोदा, आणि ती त्याच आटलेल्या झऱ्यावर नाही ना, तेही बघा.

हो, ती तिसरीतली मुलगी आठवते ना? पुढच्या वर्षी ती चौथीत गेली आणि तिने स्वतः एक काम मागून घेतलं. रोज सकाळी पिंपात पट्टी बुडवून पाणी किती आहे ते मोजायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. एकदा सुविचार लिहायच्या नादात मी तो आकडा पुसून टाकला. तिने काही न बोलता खडू घेतला आणि सुविचाराच्या वर पुन्हा लिहिला. पहिल्यापेक्षा मोठा!

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमच्या बाई